‘सामना’ : एका न मिटलेल्या प्रश्नाचा बोलपट



या व्यासपीठावरून बोलण्याची पाळी आमच्यावर येईल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते कामगारांच्या अर्जांचे मसुदे करता करता, वाचनालयाच्या पुस्तकांची मुदत चुकवीत, आणि रात्रीच्या एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत झाले. चालकांनी आम्हांस विषय सुचविला होता, ‘ऊसतोड कामगारांचे प्रश्न’. आम्ही म्हटले, त्या विषयावर आम्ही बारा महिने बोलतच असतो, आणि आता ऐकणाऱ्यांना आमचे पुढचे वाक्य आधीच ठाऊक असते. यंदा आम्हांला एका चित्रपटावर बोलू द्या. चालक जरा घोटाळ्यात पडले. “चित्रपटात कामगार आहेत ना?” असे त्यांनी विचारले. आम्ही “आहेत” म्हणालो. खरे सांगावयाचे तर त्या चित्रपटाचा सारा व्याप, त्यात जो माणूस हजर नाही, त्याच्यापायी आहे.

तो चित्रपट म्हणजे ‘सामना’. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे, निर्मिती रामदास फुटाणे यांची, साल १९७४. आपण म्हणाल, ‘सामना’ कोणास ठाऊक नाही? आमचे म्हणणे असे की, नाव सर्वांस ठाऊक आहे, चित्रपट थोड्यांस ठाऊक आहे. गेल्या श्रावणात युनियनच्या बैठकीत आम्ही तरुण मुलांना विचारले, “मारुती कांबळेचे काय झाले, हे वाक्य कोणी ऐकले आहे काय?” जवळजवळ सगळे हात वर झाले. “चित्रपट कोणी पाहिला आहे?” तीन हात. एका मुलाने तर विचारले, “हे निवडणुकीतलं वाक्य ना, भाऊ?” त्या मुलाचा दोष नाही. पन्नास वर्षे आपण ते वाक्य सभांमधून, अग्रलेखांमधून आणि चहाच्या टपरीवर इतके वापरले, की त्याची म्हण झाली. आणि म्हण झाली की वाक्यातला माणूस निघून जातो. मारुती कांबळे एकदा गावातून नाहीसा झाला. दुसऱ्यांदा तो आपल्या तोंडी बसून नाहीसा झाला.

आता चित्रपटांच्या एका जातीविषयी थोडे सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकेचे बोलपट येणे बंद होते. युद्ध संपल्यावर ते एकदम पॅरिसला पोहोचले. ते पाहून १९४६ साली नीनो फ्रँक नावाच्या समीक्षकाने त्यांतील काही चित्रपटांस ‘काळा चित्रपट’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले, ‘फिल्म न्वार’. १९४१चा ‘द माल्टीज फाल्कन’, १९४४चा ‘डबल इंडेम्निटी’ हे या जातीचे. रात्र, ओली सडक, एकच दिवा, भिंतीवर पडलेली भली मोठी सावली, आणि कोठेतरी एक खून, असे यांचे रूप. आपल्याकडे हिंदीत ‘बाजी’ (१९५१) आणि ‘सी. आय. डी.’ (१९५६) या वळणाने गेले. मराठीत राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ काढला. त्यावरूनच दोन वर्षांनी हिंदीत ‘मेरा साया’ निघाला.

परंतु नुसती काळोखी आणि सावल्या म्हणजे ही जात नव्हे. साध्या रहस्यपटात खुनी सापडतो आणि बाकीचे सारे सज्जन ठरून सुखाने घरी जातात. काळ्या चित्रपटात खुनी सापडला तरी कोणी सुखाने घरी जात नाही. कारण चौकशी करता करता असे दिसून येते की, थोडथोडा प्रत्येकाचा हात त्यात होता. कोणी पाहिले होते, कोणी ऐकले होते, कोणी त्यावर जेवले होते. आणि चौकशी करणारा स्वतःही धुतल्या तांदळासारखा नसतो. ही कसोटी लावली तर आमच्या अल्पमतीप्रमाणे मराठीतला खरा काळा चित्रपट ‘सामना’ हा आहे. समीक्षकांनी त्यास राजकीय चित्रपट म्हटले, ते योग्यच आहे. पण त्याची हाडे गुन्ह्याच्या चित्रपटाची आहेत. एक माणूस नाहीसा झाला आहे. एक परका गावात येतो. तो विचारतो. गाव गप्प बसते.

शहरातल्या काळ्या चित्रपटाला रात्र लागते. उसाच्या मुलुखात ती लागत नाही. आपल्यापैकी ज्यांनी उभ्या उसात पाऊल टाकले आहे त्यांना ठाऊक आहे, की बाराच्या उन्हातही तीन सऱ्यांपलीकडचा माणूस दिसत नाही. पाचटाचा आवाज तेवढा येतो. ‘सामना’ कृष्णधवल आहे. रंगीत चित्रपटांच्या दिवसांत तो तसा निघाला. त्यामागे पैशाची अडचण असेल किंवा आणखी काही असेल, परंतु त्या गोष्टीला तेच रूप शोभते. हिरवागार ऊस पडद्यावर दिसला असता तर पाहणाऱ्याला सुबत्ता आठवली असती.

त्या सुबत्तेविषयीही बोलले पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकतर्फी होईल. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्यांच्या पाठीशी धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ उभा राहिला. सावकाराच्या आणि खाजगी कारखानदाराच्या दारात उभा राहणारा शेतकरी स्वतः मालक झाला. पुढच्या वीस वर्षांत महाराष्ट्रभर धुरांडी उभी राहिली. शाळा आल्या, दवाखाने आले, रस्ते झाले. हे नाकारणारा मनुष्य कृतघ्न म्हटला पाहिजे. आम्ही स्वतः कारखान्याच्या रस्त्याने चालत शाळेला गेलो आहोत. तेंडुलकरांनी विचारले ते इतकेच, की या धुरांड्याच्या सावलीत एक नवा पाटील तयार झाला आहे काय, ज्याला आता कोणी काही विचारू शकत नाही? पहिल्या कारखान्यानंतर पंचवीस वर्षे पुरी होण्याच्या आत हा प्रश्न पडद्यावर आला. त्याच्या आधी दोनच वर्षे १९७२चा दुष्काळ आमच्या या मुलुखाला भाजून गेला होता. त्या दुष्काळानंतर आमच्या भागातले हजारो लोक कोयता घेऊन परमुलुखाला जाऊ लागले. म्हणजे चित्रपट निघाला तेव्हा एकीकडे साखर पिकत होती आणि एकीकडे ती तोडणारे हात तयार होत होते.

हा चित्रपट काढणारी माणसे कोण होती ते पाहणे मौजेचे आहे. निर्माते फुटाणे हे जामखेडचे, म्हणजे आपल्या भूम तालुक्याच्या शिवेपलीकडचे, आणि पेशाने चित्रकलेचे शिक्षक. दिग्दर्शक पटेल हे लहान मुलांचे डॉक्टर. ‘घाशीराम कोतवाल’ बसवून त्यांचे नाव झाले होते, परंतु चित्रपट हा त्यांचा पहिलाच. मास्तरांचे काम करणारे श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर, धंदा सोडून रंगभूमीवर आलेले. मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे मनोविकारांचे डॉक्टर. आणि हिंदुराव धोंडे पाटील झालेले निळू फुले हे सेवा दलाच्या कलापथकातून आलेले, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले. जो माणूस दुसऱ्याच्या बागेला पाणी घालत होता त्याने साखरसम्राट असा उभा केला की पुढे जन्मभर बायाबापड्या त्यांना पाहून खरोखरीच बिचकत. स्मिता पाटील यांचेही या चित्रपटात छोटे काम आहे. १९७५च्या उन्हाळ्यात ‘सामना’ बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात गेला. त्याच उन्हाळ्यात, जूनच्या पंचवीस तारखेला, देशात आणीबाणी जाहीर झाली. प्रश्न विचारणारा मास्तर परदेशी पडद्यावर बोलत होता आणि इकडे प्रश्न विचारणारे तुरुंगात जात होते. हा योगायोग होता, परंतु काही योगायोग लक्षात ठेवण्यासारखे असतात.

कथानक थोडक्यात असे. एका गावात एक फाटका, दारूडा म्हातारा मास्तर येतो. एके काळी तो स्वातंत्र्याच्या लढ्यात होता. आता त्याच्याजवळ बाटलीखेरीज काही उरलेले नाही. गाव हिंदुरावांचे आहे. कारखाना त्यांचा, माणसे त्यांची, गप्प बसणेही त्यांचे. हा परका कोण, कोणी पाठविला, असा संशय हिंदुरावांना येतो. ते त्याला हाकलून देत नाहीत, आपल्या पंखाखाली घेतात. त्याला खाऊपिऊ घालतात. दोघांची एक चमत्कारिक मैत्री जमते. आणि मास्तराच्या कानावर एक नाव पडते. मारुती कांबळे. लष्करातून गावी परतलेला, भूमिहीनांना एकत्र करू लागलेला, आणि मग नाहीसा झालेला. मास्तर विचारू लागतो. ज्याची दारू प्यायची त्यालाच विचारू लागतो. शेवटी हिंदुरावांचा पाडाव होतो; कसा होतो ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी आम्ही राखून ठेवतो.

आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला तो बाराएक वर्षांचे असताना, येरमाळ्याच्या यात्रेत, तंबूच्या टॉकीत. येडेश्वरीची यात्रा चैत्री पौर्णिमेला भरते, आणि तोच दिवस ऊसतोडीचा हंगाम संपवून टोळ्या गावी परतण्याचा असतो. आमचे वडील तोडीला जात. त्या साली आम्ही सारे परस्परच यात्रेला आलो होतो. गाठोडी अजून सोडलेली नव्हती. तंबूत एकच यंत्र असल्यामुळे रीळ संपले की काळोख होई आणि दुसरे चढेपर्यंत लोक शिट्ट्या मारीत. हिंदुराव पडद्यावर आले की शिट्ट्या, फेटे उडविणे, सारे काही. परंतु मास्तराने तो प्रश्न विचारण्यास सुरुवात केली तसतशी शिट्टी कमी होत गेली. एका रिळाच्या काळोखात कोणीतरी मागून ओरडले, “मारुती कांबळेचं काय झालं?” आणि लोक हसले. ते हसणे मोकळे नव्हते. तंबूत बसलेल्यांपैकी बहुतेकांनी त्या हंगामात कोठल्यातरी उसाच्या फडात काहीतरी पाहिलेले होते.

परतताना बैलगाडीत वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “असलं इचारायला दारू प्यावी लागती.”

हे वाक्य त्या वेळी आम्हांस विनोद वाटला. पुढे पुष्कळ वर्षांनी, टीकाकारांचे लेख वाचताना, आमच्या ध्यानात आले की मास्तर दारूडा का आहे या प्रश्नाचे उत्तर वडिलांनी एका वाक्यात दिले होते. गावातला शुद्धीवरचा प्रत्येक माणूस हिशेबाने जगतो. पोराची नोकरी, उसाची तोड, सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, यांतले काही ना काही वाड्याशी बांधलेले असते. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही उरले नाही तोच विचारू शकतो. म्हणून तेंडुलकरांनी प्रश्न विचारण्याचे काम दारूड्यावर सोपविले. त्यांना दारूची महती सांगावयाची नव्हती. शुद्धीवरच्या गावाची ती नालस्ती आहे.

काही वर्षांपूर्वी आम्हांस एक अमेरिकन चित्रपट पाहण्यास मिळाला. आपल्यापैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल. ‘बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक’, दिग्दर्शक जॉन स्टर्जेस, साल १९५५. अवघ्या ऐंशी मिनिटांचा. युद्ध नुकतेच संपले आहे. वाळवंटातल्या एका ओसाड वस्तीत, जेथे चार वर्षांत आगगाडी थांबली नव्हती, तेथे ती थांबते आणि एक हात निकामी झालेला मनुष्य उतरतो. हे काम स्पेन्सर ट्रेसी यांनी केले आहे. तो कोमोको नावाच्या एका जपानी शेतकऱ्याची चौकशी करतो. गाव गप्प. कोणी खोली देत नाही, कोणी गाडी देत नाही. पुढे कळते की या माणसाचा प्राण युद्धात कोमोकोच्या मुलाने वाचविला होता आणि त्यात तो मुलगा मेला. हा त्याचे पदक बापाला द्यावयास आला आहे. आणि बापाला तर गावातल्या पुढाऱ्याने आणि त्याच्या टोळक्याने कधीच ठार केले आहे. गुन्हा एवढाच, की जपानने अमेरिकेवर हल्ला केला आणि हा गृहस्थ जपानी होता.

एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. दोन देशांत, वीस वर्षांच्या अंतराने, दोन लेखकांना एकच गोष्ट सुचली, कारण ती गोष्ट जगात जागोजागी घडते. परक्याने नाव घ्यावे आणि गावाने मान फिरवावी. दोन्हीकडे युद्ध आहे, सैनिक आहे, आणि दोन्हीकडे मारला गेलेला मनुष्य असा आहे, की ज्याच्यासाठी गावातले कोणी भांडणार नाही हे मारणाऱ्याला पक्के ठाऊक होते. तिकडे तो जपानी. इकडे त्याचे आडनाव कांबळे. हे आडनाव तेंडुलकरांनी उगाच दिलेले नाही, आणि या सभागृहात ते समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु फरकही पाहा. अमेरिकन पाहुणा सज्जन आहे, शुद्धीवर आहे, निर्भय आहे. चोवीस तासांत काम उरकून तो दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघून जातो. आमचा मास्तर गुन्हेगाराच्या घरचे अन्न खातो. त्याच्या हातून दारू घेतो. त्याला हिंदुराव आवडतात सुद्धा, आणि आपल्यालाही आवडतात. म्हणून त्याचा प्रश्न त्याच्या स्वतःच्या अंगावरून जातो. आम्ही तीस वर्षे युनियनचे काम करतो. आम्हांला विचाराल तर पाहुण्याचा चित्रपट मनाला उभारी देतो, मास्तराचा चित्रपट खरा वाटतो. आमच्या गाडीला दुसऱ्या दिवशीचे स्टेशन नसते. ज्या मुकादमाशी आज भांडावयाचे, त्याच्याशी उद्या बसून चहा घ्यावयाचा असतो.

यंदा संक्रांतीच्या सुमारास आम्ही युनियनच्या खोलीत पोरांना हा चित्रपट दाखविला. भिंतीवर चादर लावली. झाल्यावर चर्चा ठेवली. एक मुलगा उठला. त्याचे वडील एका बंद पडलेल्या कारखान्यात नोकरीला होते आणि त्यांचा थकलेला पगार अजून मिळालेला नव्हता. तो म्हणाला, “भाऊ, खरं सांगू का? हिंदुराव निदान कारखाना तरी चालवतो.”

खोलीत कोणी हसले नाही. आम्हांलाही लगेच उत्तर सुचले नाही. आपल्या जिल्ह्यात बंद धुरांड्याकडे पाहत मोठी झालेली पिढी आहे. तिला ‘कारखाना चालतो’ यापेक्षा मोठे पुण्य दिसत नाही, आणि पोटाला चिमटा बसलेल्याला नीतीचे पाठ देणे सोपे असते. त्या मुलाचे म्हणणे खोडून काढण्याऐवजी आम्ही त्याला आमचीच एक गोष्ट सांगितली. तीच येथे सांगतो, कारण याचसाठी आम्ही हा विषय मागून घेतला.

१९९९ सालचा दसरा झाल्यावर आमच्या भागातला एक गडी टोळीबरोबर परजिल्ह्यात तोडीला गेला. त्याचे नाव, गाव, कारखाना, मुकादम यांपैकी काही आम्ही येथे सांगत नाही. ऊसतोडीचा हिशेब कोयत्यावर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. याची बायको बाळंतपणामुळे घरी राहिली, म्हणून तो चुलत्याबरोबर गेला. उचल आधीच घेतलेली. माघात निरोप आला की तो टोळी सोडून पळाला. चुलता म्हणाला, आम्ही सकाळी उठलो तो खोपीत नव्हता. मागे काय राहिले? तर त्याचा कोयता, वहाणा, आणि पटका. आता मंडळी, अंगावर उचल असताना माणूस पळतो, हे घडते. परंतु माघाच्या थंडीत वहाणा आणि पटका टाकून पळणारा माणूस आम्ही पाहिलेला नाही.

आम्ही विचारावयास गेलो. कारखान्याच्या कचेरीत सांगितले, आमच्या दप्तरी मुकादमाचे नाव असते, मजुराचे नसते. तुम्ही म्हणता तो माणूस आमच्याकडे आलाच नव्हता. मुकादम म्हणाला, माझी उचल बुडवून गेला, मीच त्याला शोधतो आहे. ठाण्यात म्हणाले, सज्ञान माणूस आपल्या मर्जीने जाऊ शकतो. टोळीतल्या लोकांना विचारले तर ते फडाकडे बघत. तिसऱ्या खेपेला टोळीतला एक म्हातारा आम्हांस रस्त्यापर्यंत सोडावयास आला. वाटेत म्हणाला, “भाऊ, आमाला पुढच्या सालीबी यायचंय.” त्याने एवढेच सांगितले, परंतु त्यात सगळे सांगितले होते.

चार महिने आम्ही अर्ज केले. मग एके दिवशी मुकादमाकडून तडजोड आली. उचल माफ, वर रोख काही रक्कम, आणि अर्ज मागे घ्यावयाचा. बाईच्या घरात दोन लेकरे, एक अंगावर पिते. वसुलीसाठी तिलाच कोयता धरावयास लावण्याची भाषा चालू होती. आम्ही तिला सांगितले, घे. तिने अंगठा उठविला. साक्षीदार म्हणून सही आमची आहे. खाली उतरल्यावर ती म्हणाली, “दादा, पैशाचं झालं. माणसाचं काय?”

आम्ही म्हणालो, बघू. असे ‘बघू’ आम्ही पुष्कळांकडून ऐकले होते. त्या दिवशी ते आमच्या तोंडून निघाले.

पुढे ती बाई ना सौभाग्यवतींत राहिली ना विधवांत. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत मानता येतो, हा १८७२च्या पुराव्याच्या कायद्यातला नियम. २०२३च्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. सात वर्षे तिला निराधारांचे अनुदान मागावयाचे तर मृत्यूचा दाखला नाही, आणि नवरा दाखवावयाचा तर नवरा नाही. हळदीकुंकवाला बोलवावे की नाही हे शेजारणींना कळेना. प्रश्न विचारणे आम्ही थांबविले. तिला थांबविता आले नाही.

याहून वाईट पुढे आहे. काही वर्षांनी निवडणुकीच्या हंगामात एका सभेत आमचे भाषण होते. समोरच्या पुढाऱ्याची टोपी उडवावयाची होती. आम्ही आवाज चढवून म्हणालो, “मारुती कांबळेचं काय झालं?” टाळ्या पडल्या. आम्ही आणखी एकदा म्हणालो. पुन्हा टाळ्या. आणि बायकांच्या घोळक्यात तिसऱ्या रांगेत ती बसलेली आम्हांला दिसली. ती टाळ्या वाजवीत नव्हती आणि रडतही नव्हती. ती आमच्याकडे बघत होती, एवढेच. आम्ही पुढचे भाषण कसे संपविले ते आठवत नाही.

तेव्हापासून ते वाक्य आम्ही सभेत म्हटलेले नाही. आज येथे म्हटले ते चित्रपटाचा उल्लेख आवश्यक होता म्हणून.

त्या मुलाला आम्ही म्हणालो, “बाळा, हिंदुराव कारखाना चालवतो हे खरे. त्याचा सौदाच तसा आहे. कारखाना चालेल, तुमचे पोट चालेल, फक्त एक नाव विचारावयाचे नाही. हा सौदा आपण न फसता, समजून उमजून करतो. आम्ही केला आहे, आमची सही आहे. म्हणून तुझ्यावर रागावण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु उद्या ज्याचे नाव विचारावयाचे नाही असे ठरेल, तो तुझा बाप असू शकतो, आणि तेव्हा सौदा असाच राहील.” मुलगा गप्प बसला. त्याला पटले की नाही हे आम्ही सांगू शकत नाही.

मग काय करावे? तेंडुलकरांनी उपाय सांगितलेला नाही, तो नाटककाराचा धंदा नव्हे. युनियनवाल्याचा मात्र आहे. त्या सभेनंतरच्या दसऱ्यापासून आम्ही एक वही घातली आहे. टोळी निघण्याआधी प्रत्येक माणसाचे नाव, वय, गाव, मुकादम, कारखाना, घरच्या माणसाचा फोन, अलीकडे फोटोही. बायकांची नावे वेगळी, नवऱ्याच्या नावाखाली नव्हे. बरोबर नेलेल्या लेकरांचीही नावे. चैत्रात, येरमाळ्याच्या यात्रेच्या आगेमागे, टोळ्या परतल्या की आम्ही गावोगाव जाऊन एकेका नावापुढे खूण करतो. ज्या नावापुढे खूण होत नाही त्याची चौकशी त्याच आठवड्यात सुरू होते, चार महिन्यांनी नव्हे. बहुतेक वेळा उत्तर साधे असते. कोणी सासुरवाडीला उतरलेला असतो, कोणी दवाखान्यात असतो. दोन वेळा उत्तर साधे नव्हते, आणि त्या दोन्ही वेळा कारखान्याला ‘हा माणूस आलाच नव्हता’ असे म्हणता आले नाही, कारण आमच्याजवळ नाव होते. वही अपुरी आहे. आमच्या हाताला लागतात तेवढ्याच टोळ्या त्यात येतात. जिल्ह्यातून जाणारे पुष्कळ लोक तिच्याबाहेर राहतात.

दर साली वही नवी घालताना पहिल्या पानावर पहिले नाव आम्ही त्या गड्याचे लिहितो. त्याच्यापुढचा रकाना १९९९पासून मोकळा आहे. ती बाई आता आजी झाली आहे. दसऱ्याला ती खोलीवर येते, पहिले पान उघडून दाखवा म्हणते, आणि वाचता येत नसले तरी त्या ओळीवर बोट ठेवून बसते. आम्ही चहा मागवितो. त्याबद्दल आमच्यात बोलणे होत नाही.

आता ‘सामना’विषयी शेवटचे. श्रीराम लागू, निळू फुले, तेंडुलकर, स्मिता पाटील आता हयात नाहीत. या चित्रपटाची आठवण निघाली की लोक दोन थोर नटांच्या जुगलबंदीविषयी बोलतात, आणि ती जुगलबंदी खरोखरीच बघण्यासारखी आहे. परंतु आपण तो पुन्हा पाहाल तेव्हा एवढे करा: दोघे बोलत असताना तिसऱ्याची आठवण ठेवा, ज्याच्याविषयी ते बोलत आहेत. आणि चालकांना आमची विनंती अशी की, पुढच्या वसंतात एका संध्याकाळी व्याख्यान न ठेवता याच सभागृहात हा चित्रपट दाखवावा. चैत्री पौर्णिमेनंतर दाखवावा, म्हणजे टोळ्या परतलेल्या असतील. त्यांच्यासाठी पुढच्या रांगा ठेवाव्यात. आणि दारात एक टेबल टाकण्याची परवानगी द्यावी. वही आम्ही आणू.